शेवाळाची रेघ

ज्या वर्षी सरकारने फेरीबोट बंद केली
त्या वर्षी फिलोमेना कॅरीन राणी झाली.
आधी तीन पत्रं लिहिली होती तिने सेंट जॉन्सला.
उत्तर एकच आलं :
ब्रॅडल बेटावर माणसं उरली सात,
सातांसाठी बोट परवडत नाही.
तिने चुलीवरचे बटाटे उतरवले,
टेबलावरच्या मेणकापडाचा चौकोन कापला
आणि वल्ह्याला बांधला.
निळ्यावर पिवळी लिंबं. तोच ध्वज.

मी लिअँडर पाइक. कॉड संपला तसा धंदाही संपला,
पण बोट होती,
म्हणून परराष्ट्रमंत्री.

मुकुट म्हणून दीपगृहाच्या जुन्या दिव्याची पितळी कडी.
राज्याभिषेकाला घातली, ती केसांत अडकली,
लोणी चोपडून काढावी लागली.
तेव्हापासून बिस्किटांच्या डब्यात.

राजा बोले, दळ हाले, म्हणतात.
आमची राणी बोले
आणि हाले दोरीवरचं धुणं,
फार तर ॲम्ब्रोजची बकरी.
ॲम्ब्रोज सरसेनापती. दोन्ही गुडघे गेलेले.

सीमा कुठे, असं एका पाहुण्याने विचारलं.
ती म्हणाली, लाट शेवाळाची शेवटची रेघ ओढते, तिथे.
म्हणजे राज्य दिवसातून दोनदा आखडायचं,
दोनदा पाय पसरायचं,
आणि त्यावरून कुणाशी
एकदाही भांडण झालं नाही.
रेघ ओलांडली की जकात : एक बटण.
माझ्या सगळ्या सदऱ्यांना आता दोरेच आहेत.

मग करखात्याची नोटीस आली.
वर तिचं नाव, खाली बेटाचं.
बघ, म्हणाली, शत्रूने मान्यता दिली!
नोटीस काचेत बसवली, कर भरला नाही.
तो मी भरायचो. वर्षाला दोनशे बारा डॉलर,
एकोणीस वर्षं.
हा राजद्रोह आज पहिल्यांदा कबूल करतोय.

टोबिन मंडळी गेली तीही धुक्यात, दाराला कडी न घालता.
राणीने जनगणनेच्या वहीत त्यांची नावं खोडली नाहीत.
पुढे लिहिलं : दौऱ्यावर.
ॲम्ब्रोजला पुरलं, तेव्हा त्याच्यापुढेही तेच.

गेल्या नोव्हेंबरात तिला धाप लागली.
बोटीत ती समोर बसली, मांडीवर डबा,
रेघ मागे पडताना
मान न वळवता म्हणाली,
परदेश बराच थंड दिसतोय.

इस्पितळात फॉर्म होता. राष्ट्रीयत्व?
तिने लिहिलं ते लिगाया नावाच्या नर्सने वाचलं.
हसली नाही.
खुर्ची ओढून बसली नि हळूच विचारलं,
तुमच्याकडे व्हिसा किती दिवसांचा मिळतो?
तिचा मार्चमध्ये संपत होता.
घरी, इलोइलोजवळच्या कुठल्याशा गावात, दोन मुलं,
आणि तीन पत्रं तिनेही लिहिली होती म्हणे,
उत्तर एकही नाही.

राणीने जेवणाच्या ताटातला मेनूचा कागद उचलला.
पुढच्या बाजूला मटारचं सूप, जेली.
मागे कापऱ्या अक्षरांत :
लिगाया माकाराएग व तिची दोन मुलं,
ब्रॅडलची प्रजा, जन्मापासून.
जन्मापासून कसं, मी विचारलं.
म्हणाली, कायदा कुणाचा आहे, लिअँडर?

त्या कागदाने मार्च टळला नाही, हे सांगून टाकतो.
मार्च आला.

विमानाच्या आदल्या रविवारी ती धक्क्यावर उभी होती,
हातात बिस्किटांचा डबा,
खांद्यावर राणीचा कोट, बाह्या चार बोटं लांब.
वाटेत आम्ही फारसं बोललो नाही.
बेटावर लिंबांचा ध्वज चिंध्या होऊन फडफडत होता,
बकरी कुठूनशी आली, डब्याचा वास घेतला.

ती खडकावर उतरली, खाली बघत राहिली.
सीमा कुठली? तिने विचारलं.
ओहोटी होती. ओला दगड, शंख, एक तुटका बूट.
मी म्हटलं, थांब जरा,
येतेच आहे.
तिने कोटाचं वरचं बटण
पिळून तोडलं
आणि मुठीत धरून
पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.